फळी परत येण्याआधी

व्यासराजाच्या घरात दोन वस्तू जड होत्या. एक झोपाळा, दुसरी बायकोचा डावा पाय.

झोपाळा कूडमात टांगलेला होता. कुंभकोणमच्या घरांत ओसरी ओलांडली की जे मोठं दालन लागतं ते कूडम. फणसाच्या लाकडाची जाड फळी, चार कोपऱ्यांना पितळी साखळ्या, वर तुळईत रुतलेले लोखंडी आकडे. फळी व्यासराजाच्या आज्याच्या वेळची. ती हलायला लागली की साखळ्या दात खायला लागत.

पाय अंबुजाचा. ती आडुतुरैहून लग्न होऊन आली तेव्हा दोन्ही पाय सारखे होते. पुढं थंडी वाजून ताप येऊ लागला, जांघेत गाठ उठू लागली, आणि प्रत्येक तापानंतर डावा पाय थोडा जास्त सुजलेला राहू लागला. मुलगी वेदवती शाळेत जाऊ लागली तोवर गुडघ्याखाली पाय उरलाच नव्हता, खांब झाला होता. कातडी करवंटीसारखी, भेगाळलेली. त्या गावात याचं कुणाला नवल नव्हतं. गल्लीगल्लीत असा एखादा हत्तीपाय होता. बाहेरगावचे लोक त्याला गावाचंच नाव देत. अंबुजा पाय पुढं पसरून बसे, आणि उठताना आधी दोन्ही हातांनी तो उचलून बाजूला ठेवी, दुसऱ्याचं मूल उचलावं तसा.

व्यासराज त्या पायाबद्दल कधी बोलत नसे. मारताना मात्र तो पाय वाचवून मारी. भेग फुटली की आतून पाणी वाहतं आणि फरशी घाण होते, एवढंच कारण.

तो एका वकिलाचा गुमास्ता होता. कागद लिहिणं, तारखा सांभाळणं हे कामात होतंच. पण त्याचं खरं काम साक्षीदार तयार करण्याचं. कोर्टामागच्या करंजाखाली तो साक्षीदाराला उभा करी आणि समोरचा वकील जे विचारील ते सगळं आधी स्वतः विचारी. इन्नंबूरच्या एका खटल्यात शेताच्या पाण्यावरून कुणाचं तरी मनगट कोयत्यानं तोडलं गेलं होतं. बघणारा एकच, एक शेतमजूर. व्यासराजानं त्याला घोकून घोकून तयार केला. पिंजऱ्यात उभा राहिल्यावर समोरच्या वकिलानं विचारलं, कोयता डाव्या हातात होता की उजव्या. मजूर म्हणाला, ठाऊक नाही. खटला तिथंच मेला. संध्याकाळी त्याच करंजाखाली व्यासराजानं त्याला रुळानं असा मारला की त्याच्या कानातून रक्त आलं.

"ठाऊक नाही हे भोक आहे," तो सांगत असे. "त्यात समोरचा हात घालतो आणि आतडी बाहेर काढतो."

रूळ शिसवीचा, गोल, हातभर लांब, कागदावर रेघा ओढण्यासाठी केलेला. छत्रीबरोबर तो रोज कोर्टात जाई आणि छत्रीबरोबर घरी येई.

त्या साली वेदवती इंटरला पहिल्या वर्गात पास झाली आणि जेठ महिन्यात मद्रासहून कार्ड आलं. मेडिकल कॉलेजात जागा हवी असेल तर इंटरव्ह्यूला हजर राहावं, पालकाला सोबत आणावं. मुलगी डॉक्टर व्हावी असं व्यासराजाला कधी वाटलं नव्हतं. पण त्याच्या वकिलाची मुलगी गेल्या साली याच इंटरव्ह्यूत पडली होती. कार्ड त्यानं दोनदा वाचलं, आणि जन्मात पहिल्यांदा स्वतःच्या नावाचा खटला हातात आल्यासारखा ताठ बसला.

समोरच्या घरात पद्मनाभराव राहत, निवृत्त सबरजिस्ट्रार. ते कॉफीला आले तेव्हा त्यानं विचारलं, "इंटरव्ह्यू म्हणजे नेमकं काय असतं हो?"

"चारपाच मोठे डाक्टर बसतात. पोर समोर. वाटेल ते विचारतात."

"वाटेल ते?"

"म्हणजे बघा, तुमच्या गावच्या नदीला पाणी किती. बेडकाला दात किती. उत्तराशी त्यांना मोठंसं काम नसतं म्हणे. पोर कशी बसते, कशी बघते, घाबरते का, तेवढं बघतात."

"म्हणजे क्रॉसच की. उलटतपासणी."

"क्रॉस नव्हे हो, व्यासराव. ते काही तिचे वैरी नव्हेत."

"चौघं एकीकडं, एक पोर एकीकडं, आणि वाटेल ते. याला तुमच्या रजिस्ट्रार कचेरीत काय म्हणतात ते मज ठाऊक नाही. आम्ही क्रॉस म्हणतो."

पद्मनाभरावांनी पेला खाली ठेवला. "तुम्हांस पुष्कळ ठाऊक," ते म्हणाले आणि वेदवतीकडं न बघता घरी गेले.

दुसऱ्या दिवसापासून तयारी सुरू झाली.

वेदवती कूडमाच्या मधोमध स्टुलावर बसे. व्यासराज समोर झोपाळ्यावर, उजव्या हातात रूळ. दोन्ही पायांनी जमीन रेटून तो फळी मागं नेई आणि मागं जाता जाता प्रश्न टाकी. फळी भिंतीपर्यंत जाई, क्षणभर थांबे, परत येई. फळी परत येण्याआधी उत्तर यायला हवं. आलं तर तो तिच्या गुडघ्याशी येऊन पुन्हा मागं जाई. नाही आलं तर फळीबरोबर रूळ येई, आणि त्यात त्याच्या हाताच्या जोराबरोबर झोपाळ्याचाही जोर असे.

प्रश्न इंग्रजीत, शिव्या तमिळमध्ये, आणि मध्ये घसा सुकला की पाणी मागायचं मराठीत. घरातली ती भाषा मराठ्यांच्या राज्याबरोबर तिकडं गेलेली. ती शिवीनं विटाळू नये अशी त्या घराची रीत होती.

"नाव?"

"वेदवती."

"डॉक्टर कां व्हायचं?"

वेदवतीला विचार करायची खोड होती. काही विचारलं की ती आधी वर बघे, तुळईकडं, आणि मग बोले. ती तुळईकडं बघत असतानाच साखळ्यांनी दात खाल्ले आणि रूळ तिच्या उजव्या हातावर, कोपराच्या खाली बसला. आवाज लाकडावर लाकूड आपटल्यासारखा झाला. ती ओरडली नाही. तिला आधी कळलंच नाही. मग हात स्वतःहून पोटाशी गेला.

"वर काय लिहिलंय?" व्यासराजानं विचारलं. फळी मागं चालली होती. "डॉक्टर कां व्हायचं?"

"लोकांची सेवा करायला."

"हं. बेडकाला दात किती?"

स्वैपाकघराच्या उंबऱ्यात अंबुजा पाय पसरून बसली होती. मांडीवर सूप होतं. पहिल्या फटक्याला तिचा हात थांबला, मग पुन्हा तांदळातले खडे शोधू लागला.

चारसहा दिवसांत वेदवतीच्या दोन्ही हातांवर जुन्या-नव्या रेघा साचल्या. ताज्या लाल, मग जांभळ्या, मग हिरवट, मग पिकल्या पानासारख्या पिवळ्या. हे रंग तिनं आईच्या पाठीवर लहानपणापासून पाहिले होते; कोणता आधी आणि कोणता नंतर हे तिला कुणी शिकवावं लागलं नाही. पण याहून एक वाईट गोष्ट घडत होती. उत्तर बरोबर की चूक हे व्यासराजाला कळतच नव्हतं. बेडूक, हृदय, रक्त, यांतलं त्याला काहीच येत नव्हतं. तो फक्त उशीर मारत होता.

वेदवतीला हे लवकर समजलं. तिच्या अंगाला तर त्याआधीच समजलं.

"बेडकाच्या हृदयाला किती कप्पे?"

"चार."

फळी आली आणि तिच्या गुडघ्याला न शिवता मागं गेली. तीन असतात. तिनं स्वतःच्या हातानं बेडूक फाडून ते पाहिले होते. पण तीन हा शब्द डोक्यात कुठंतरी उभा होता तोवर चार तोंडातून बाहेर पडला होता.

त्या दुपारी व्यासराज कोर्टात गेल्यावर ती मागल्या अंगणात विहिरीपाशी गेली. अंबुजा हळदीच्या पाण्यानं पायाच्या भेगा धूत बसली होती.

"आई, मी मद्रासला जाणार नाही."

"कां?"

"मज खरं उत्तर येईनासं झालंय. काही विचारलं की आधी खोटंच येतं."

अंबुजानं ओल्या हातानं तिच्या थोबाडीत मारली. हळदीची पाच बोटं गालावर उठली. वेदवती बघतच राहिली. आईनं तिला आजवर कधी हात लावला नव्हता.

"ऐक गे," अंबुजा म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "हा झोपाळा मद्रासला नेता येत नाही. एवढंच ध्यानात ठेव. खोटं सांग, खरं सांग, वाटेल ते सांग, पण तिथं जाऊन राहा. इथं राहिलीस तर अजून वर्षभरात तुझं लग्न. ज्या घरात जाशील त्या घरात कूडम असेल, आणि कूडम असलं की झोपाळा आलाच."

"आणि तू?"

"मी काय. मज चालता येतं कुठं." ती पुन्हा वाकली आणि पायावर पाणी घालू लागली. "गाल धू. हळद राहिली तर विचारील."

आषाढी एकादशीला मठात तप्तमुद्रा होती. माध्व वैष्णवांत त्या दिवशी होमाच्या विस्तवात शंखचक्राचे धातूचे ठसे तापवून अंगावर उमटवून घेतात. वर्षाचं पाप जळतं म्हणतात. बायकांना हातांवर, पुरुषांना छातीवरही. सकाळपासून उपाशी माणसांची रांग मठाच्या अंगणात उभी होती. आतून धूर येत होता आणि धुरात केस जळाल्याचा वास.

वेदवतीची पाळी आली. ठसा तापवणारा मठातला माणूस खाली बसला होता. त्यानं तिचा उजवा हात धरला, पदर मागं सारला आणि थबकला. मग डावा हात बघितला.

"कुठं लावायचं हो?" त्यानं मागं उभ्या व्यासराजाला विचारलं. "जागा नाही."

"आहे तिथंच लावा."

"खाली रक्त साकळलेलं आहे. दुखेल पोरीस."

"दुखायलाच तर लावतात ना? का चंदन म्हणून लावता?"

रांगेत कुणीतरी हसलं. शेजारी ठसा धरून बसलेल्या मठाच्या स्वामींनी डोळे न उघडता हात पुढं केला. चक्र जांभळ्या रेघेवर बसलं. कातडी चर्र झाली. वेदवतीनं वर बघितलं नाही. प्रश्न नव्हता, तरी तिच्या ओठांतून एक उत्तर निघालं. काय ते कुणाला ऐकू आलं नाही.

मद्रासला निघायच्या आदल्या दिवशी व्यासराजानं शेवटची उजळणी घेतली. त्यानं त्या दिवशी कोर्टातूनही सुटी घेतली होती.

"कुंभकोणमची म्हटल्यावर एक प्रश्न ठेवलेलाच," तो म्हणाला आणि रुळानं उंबऱ्याकडं बोट केल्यासारखं केलं. "तो. हत्तीपाय कशानं होतो?"

"डासानं."

"उपाय?"

"गोळ्या निघाल्यात. त्यानं आतले किडे मरतात."

"पाय?"

फळी मागं चालली होती. वेदवतीनं पुस्तक वाचलं होतं. ती गप्प राहिली. रूळ मुद्रेच्या जखमेवर पडला आणि खपली फुटली.

"पाय?"

"सहा महिन्यांत पूर्ण बरा होतो."

"हं. हे असं. उभ्याउभ्या."

उंबऱ्यात अंबुजानं मान वर केली होती. इतकी वर्षं त्या पायानं तिला खालीच बघायला लावलं होतं. ती मुलीच्या तोंडाकडं बघत होती, आणि तिचं तोंड अर्धवट उघडं राहिलं होतं. वेदवतीनं नजर काढून घेतली.

मद्रासच्या कॉलेजातली ती खोली लांबट होती. टेबलामागं तीन पुरुष आणि एक बाई. बाई पांढऱ्या साडीतल्या, केस करडे, चष्मा गळ्यात. मधे एक म्हातारे डॉक्टर. वर छताला पंखा फिरत होता. वेदवतीचे कान साखळ्यांचा आवाज शोधत होते आणि तो मिळत नव्हता म्हणून तिला जास्त भीती वाटत होती.

नाव, गाव, वडील काय करतात. उत्तरं प्रश्न संपायच्या आत निघत होती. कडेचा एकजण हसून म्हणाला, "गाडी चुकतेय काय तुझी? सावकाश."

"नाही," ती म्हणाली, तितक्याच घाईनं.

म्हातारे डॉक्टर पुढं झुकले. "कुंभकोणम. मग हत्तीपाय पाहिला असशील."

"हो."

"कशानं होतो?"

"डासानं."

"असा पाय घेऊन एखादी बाई तुझ्याकडं आली. काय करशील?"

उत्तर जिभेवर तयार होतं. सहा महिने, पूर्ण बरा. ते तिथं इतकं पक्कं बसवलेलं होतं की फक्त तोंड उघडायचं होतं. तिनं तोंड उघडलं, आणि उंबऱ्यातलं ते अर्धवट उघडं तोंड तिच्यासमोर आलं. ती थांबली. थांबल्याबरोबर तिचा उजवा हात आपोआप वर गेला आणि चेहऱ्यापुढं आडवा झाला.

हात तसाच वर. ती वाट बघत होती. काहीच आलं नाही. पंखा फिरत राहिला.

"ठाऊक नाही," ती म्हणाली.

तरीही काही आलं नाही.

"गोळ्यांनी किडे मरतात," ती आता सावकाश बोलत होती, हाताआडून. "पण एकदा तसा झालेला पाय उतरत नाही. तो कसा उतरवायचा ते मला ठाऊक नाही. त्या बाईला काय सांगायचं तेही ठाऊक नाही."

म्हाताऱ्या डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहिलं. करड्या केसांच्या बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला.

"हात खाली घे. टेबलावर ठेव. हे गोल काय आहे?"

"मुद्रा. आमच्यात आषाढात लावतात."

"आणि त्याच्या खालचं?"

आता तिच्यातला साक्षीदार बोलला. "झोपाळ्याची फळी लागली."

बाई वाकल्या. बोट न लावता त्यांनी रेघ शेवटपर्यंत बघितली. "फळी लागली तर डाग पसरट येतो. गोल काठी लागली की अशा दोन रेघा उठतात, मधली जागा मोकळी राहते. पुढं शिकशील." मग त्यांनी विचारलं, "कितीदा लागली?"

वेदवती पंख्याकडं बघत राहिली. या वेळी तिचा हात वर गेला नाही.

"जा तू," बाई म्हणाल्या.

बाहेरच्या व्हरांड्यात पालक बाकांवर बसले होते. व्यासराज उभाच होता. रूळ छत्रीत गुंडाळलेला.

"काय विचारलं?"

"हत्तीपाय."

"बघ, मी म्हटलं नव्हतं? मग?"

"म्हटलं, ठाऊक नाही."

त्यानं ऐकलं. क्षणभर तो खरंच इन्नंबूरच्या त्या मजुराकडं बघितल्यासारखा तिच्याकडं बघत राहिला. मग त्यानं हात उगारला आणि उलट्या पंजानं मारलं. ती खांबावर जाऊन आदळली. ओठ फाटला. बाकावरच्या एका मुलीनं किंचाळी दाबली. तिच्या बापानं तिचं डोकं दुसरीकडं वळवलं. लोक बघतायत हे ध्यानात आल्यावर व्यासराजानं अंगवस्त्राच्या टोकानं लेकीच्या तोंडावरचं रक्त टिपलं, हळुवार, चांगला बाप टिपील तसं. टिपता टिपता तो तिच्या कानाशी म्हणाला, "घरी चल."

परतीच्या गाडीत त्यानं छत्री सोडून रूळ मांडीवर घेतला.

घरात पाऊल टाकल्याबरोबर अंबुजानं विचारलं, "काय झालं?"

"तुझ्या पायापायी गेलं," तो म्हणाला आणि अंघोळीला गेला.

मागल्या अंगणात अंबुजानं मुलीचा ओठ बघितला, चिमूटभर हळद दाबली. "काय म्हणालीस गे त्यांस?"

"म्हटलं, पाय उतरत नाही."

"उतरत नाही?"

"नाही, आई. पुस्तकात तसंच आहे. मी त्या दिवशी खोटं सांगितलं."

अंबुजानं पायाकडं बघितलं. मग तिनं त्यावर हलकेच चापट मारली, दावणीच्या म्हाताऱ्या म्हशीला मारावी तशी.

"बरं झालं सांगितलंस," ती म्हणाली. "मी उगाच याला जपत बसले होते."

व्यासराज जेवला, पान खाल्लं, आणि झोपाळ्यावर बसला. "स्टूल आण," त्यानं वेदवतीला सांगितलं.

"अहो, झालं ना आता," अंबुजा म्हणाली.

"काय झालं? पडली. पुढल्या साली परत बसायची. वर्ष आहे हातात. आजपासून." त्यानं रूळ मांडीवर पुसला. "ठाऊक नाही हा शब्द हिच्या हाडांतून काढायचा आहे मज."

वेदवती स्टुलावर बसली. त्या दिवशी अंबुजा उंबऱ्यात बसली नाही. ती भिंतीला धरून फरफटत कूडमात आली आणि स्टुलाच्या बाजूला, खांबाला पाठ टेकून खाली बसली. व्यासराजानं तिच्याकडं बघितलं. मग बघायचं सोडून दिलं.

"हत्तीपायाला उपाय काय?" फळी मागं चालली.

वेदवतीनं तुळईकडं बघितलं.

त्यानं भिंतीपाशी फळी जास्तच मागं ओढली, पाय उचलले आणि उजवा हात डोक्याच्या वर नेला. साखळ्यांनी दात खाल्ले. फळी सुटली. त्याच वेळी अंबुजानं दोन्ही हातांनी आपला डावा पाय उचलला आणि वाटेत आडवा टाकला.

फणसाचं लाकूड पायावर आपटलं. ओल्या पोत्यावर मुसळ बसावं तसा आवाज झाला. फळी जागच्या जागी थांबली, व्यासराज थांबला नाही. तो रुळासकट पुढं उडाला, स्टुलाच्या कडेवरून गेला आणि उजव्या हातावर दगडी फरशीवर पडला. काहीतरी मोडलं, सुकी फांदी मोडते तसं, स्वच्छ. रूळ घरंगळत न्हाणीपर्यंत गेला.

अंबुजाची नडगी उभी फाटली होती. रक्तापेक्षा पाणीच जास्त येत होतं. ती ओरडली नाही. तिनं पाय तिथून काढलाही नाही.

व्यासराज उठून बसला. मनगट पळीच्या दांड्यासारखं वाकलं होतं. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. त्यानं तो हात डाव्या हातानं धरून मुलीपुढं केला.

"मोडलंय? बघ. सांग."

वेदवतीनं बघितलं. तिनं वेळ घेतला. तिनं वरही बघितलं, खालीही बघितलं. मोडलेलं होतं हे आंधळ्यालाही कळलं असतं.

"ठाऊक नाही," ती म्हणाली. आणि आईच्या पायाला बांधायला जुनं पातळ फाडू लागली.

साखळ्यांचा आवाज अचानक थांबला म्हणून की पडल्याचा आवाज आला म्हणून, पद्मनाभराव दारात येऊन उभे राहिले. त्यांनी एकेकाकडं बघितलं. फळी, रक्त, पाय, मनगट.

"हात कसा मोडला, व्यासराव?"

त्याला शिकवावं लागलं नाही. प्रश्न संपायच्या आत उत्तर आलं.

"झोपाळ्याची फळी लागली."

अंबुजाला त्यानंतर मोठा ताप आला. पंधरवडाभर ती आतल्या खोलीत थरथरत पडून होती, पाय दुप्पट झाला होता आणि जखमेतून पू वाहत होता. वेदवती तिच्यापाशी बसून होती. मद्रासहून दुसरं कार्ड आलं तेव्हाही ती तिथंच होती. जागा मिळाली होती. पालकाची सही करून अमुक तारखेस हजर राहावं.

व्यासराजानं कार्ड पद्मनाभरावांना वाचायला दिलं आणि ते वाचत असताना त्यांच्या तोंडाकडं बघत राहिला. "बघितलंत?" तो म्हणाला. "तयारी कुणाची?"

"तुमचीच हो," पद्मनाभराव म्हणाले. "दिसतंय."

सहीची जागा आली तेव्हा तो अडला. उजवा हात बांबूच्या कामट्यांत बांधलेला होता. डाव्या हातानं लिहून बघितलं, अक्षर लहान पोराचं आलं. शेवटी ज्यानं आयुष्यभर कुळवाड्यांचे अंगठे धरून शाईत बुडवले होते, त्यानं स्वतःचा डावा अंगठा बुडवला. वेदवतीनं तो धरला आणि कागदावर दाबला. तिनं जरा जास्तच वेळ दाबून धरला.

आवणीत, श्रावणाच्या शेवटी, ती गेली. गल्लीत काहीजणांनी व्यासराजाला विचारलं, आमच्याही पोराला तयार कराल का. तो म्हणाला, हात बरा होऊ द्या. हात बरा झाला, पण वाकडा बरा झाला. रूळ धरला की मनगटातून सुटत असे.

अंबुजा उठली तेव्हा पाय आधीपेक्षा जड झाला होता. तिनं उंबऱ्यातली जागा सोडली. दुपारी ती कूडमात येते, खांबाला टेकते आणि पाय झोपाळ्याच्या वाटेत पसरून ठेवते. तिथं वारा लागतो म्हणते. व्यासराज फळीवर बसतो. पाय जमिनीला टेकवून, साखळ्यांना धरून, तो नुसता बसून राहतो. झोपाळा हलत नाही.